वरच्या मजल्यावरची बढती

ता. ४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

अ. उ. आ. आणि त्याबरोबर पाठीवर एक शाबासकीची थाप.

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं पाच मिनिटांत भांडण होतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. बाबांनी घालून दिलेली रीत बरी. महत्त्वाचं असेल ते लिहून कळवायचं, म्हणजे निदान समोरच्याचं वाक्य पुरं होतं.

यांचं पत्र काल आलं. तू यांना शिक्षण-कक्षाचं प्रमुख केलंस, वरच्या मजल्यावर वेगळी खोली दिलीस, फिरती खुर्ची, मोठी खिडकी. वाचून मला भरून आलं रे. इतकी वर्षं हा माणूस आपल्या कारखान्यात खाली यंत्रांच्या खडखडाटात उभा राहून दप्तरां-जाकिटांच्या चेना ओढून बघत आला. उघड, मीट, उघड, मीट. घरी आले तरी हाताला चैन नाही. पाहुण्याने काढून ठेवलेल्या जाकिटाची चेनसुद्धा ओढून बघायचे आणि आमची नाही, दुसऱ्या कंपनीची आहे, असं वर सांगायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता या वयात जरा बसून काम मिळालं.

खरं सांगू? मला धाकधूक होती. तुझी ती सोमवारची उलटी बैठक सुरू झाली ना, कॅन्टीनमध्ये तू स्टुलावर, बाकीचे खुर्च्यांवर, कोणीही तुझी चूक तोंडावर सांगावी आणि तू वाद न घालता नुसतं ‘ऐकलं’ म्हणावं, तेव्हापासून मीच यांच्या मागे लागले होते. परके बोलतात आणि घरचा माणूस मिठाची गुळणी धरून बसतो, हे बरं दिसतं का? शेवटी यांनी तोंड उघडलं म्हणे. आणि लगेच बढती! म्हणजे माझा भाऊ खरंच सुधारला म्हणायचा. पहाटे उठणं, गार पाण्याची अंघोळ, ते कोच, ती जाडजूड पुस्तकं, या सगळ्याची मी यथेच्छ टिंगल केली. शब्द मागे घेते. सगळे नाही, गार पाण्याचे तेवढे राहू देत.

मावशीचं मोडलेलं हाड जुळतंय, पण मला अजून इथेच तिच्यापाशी राहावं लागणार. जिभेला मात्र काही झालेलं नाही. तुझी पत्रं तिला मोठ्याने वाचून दाखवावी लागतात, तेव्हा अक्षर नीट काढ.

आहे ती माया अशीच राहू दे, आणखी काही नको.

तुझी,
ताई


ता. ९ नोव्हेंबर

ती. भाऊजींस,

सा. न. कोणत्या तोंडाने करावा कळत नाही, तरी करतो.

तुम्ही वर, मी खाली, मध्ये एक जिना, आणि मी शिपायाच्या हाती पाकीट पाठवतोय. हसाल तुम्ही. हसा. पण तो जिना चढायला माझे पाय उचलत नाहीत. काल अर्ध्यापर्यंत आलो होतो आणि फोन आल्याचं नाटक करून परत फिरलो. रिसेप्शनवरच्या मुलीने पाहिलं, आणि पाहिलं नाही असंही दाखवलं.

ताईचं पत्र आलं. तिने माझे आभार मानलेत. भाऊजी, तुम्ही तिला ही बढती म्हणून कळवलंत? त्या सोमवारी तुम्ही सांगितलंत की मी प्रदर्शनातून हौसेने आणलेला, चेन उघडायचा-मिटायचा नवा हलका रनर दातांवरून घसरतो, थोडे दिवस वापरला की चेन मागून उसवते, माल थांबवा. तेवढ्यावर मी निभावलं असतं. पण पुढे म्हणालात की साहेब दोन वर्षं शिकताहेत, पण या दोन वर्षांत साहेबांनी एखादं मत बदललेलं कोणी पाहिलंय का. सगळं कॅन्टीन हसलं. चहा देणारासुद्धा. मी नियमाप्रमाणे ‘ऐकलं’ म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी विभाग तुमच्याकडून काढून घेतला.

वर मी स्वतःची समजूत कशी घातली बघा. अनुभवी माणसाने नव्यांना शिकवावं, असं मी कोचना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग मलाही ते खरं वाटायला लागलं. त्या खोलीतल्या निम्म्या पुस्तकांची प्लास्टिकची वेष्टणंसुद्धा निघालेली नाहीत, तिथे कोणी येत नाही, हे मला माहीत होतं. कोणी येत नाही म्हणूनच तुम्हाला तिथे बसवलं. हे आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय आणि लाज वाटतेय.

त्यानंतरच्या बैठकीत काय झालं ते कळलं असेलच. एकाने कॅन्टीनच्या पंख्याचं कौतुक केलं. दुसऱ्याने माझं.

तुम्ही ताईला खरं का नाही कळवलंत? तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर मी सुखाने जेवलो असतो. तिच्या शाबासकीने घास घशाखाली उतरत नाही.

माझ्यावर लोभ ठेवा असं म्हणायचा हक्क राहिला आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आपला,
ढब्बू


ता. १० नोव्हेंबर

चि. ढब्बूशेठ यास,

आ. वि. (कारखान्यात तू साहेब आणि मी अहो-जाहो करणारा. पण पाकिटावर तू भाऊजी लिहिलंस, तेव्हा घरच्या नात्याने लिहितो.)

तुझ्या ताईला खरं कळवलं असतं तर तिने मावशीला आहे तशी पलंगावर ठेवून पहिली गाडी पकडली असती आणि तुझ्या फाटकात उभी राहिली असती. तुझी बोबडी वळली असती, आणि मावशीला पाणी द्यायला कोणी उरलं नसतं. हे एक कारण. दुसरं सांगायला जड जातं. आयुष्यभर मी बायकोला सांगत आलो की माझ्याशिवाय त्या कारखान्यातून एक चेन बाहेर पडत नाही. आता याच हाताने कसं लिहू की मला अडगळीत ठेवलंय आणि चेना बिनदिक्कत बाहेर पडताहेत? तेव्हा बढती लिहिली. लिहिताना मलाही जरा बरं वाटलं. फिरती खुर्ची खरीच आहे.

तू एकट्याने सगळा दोष घेऊ नकोस, ती सवय चांगली नाही. रनरबद्दल बोललो ते काम म्हणून बोललो. पुढचं वाक्य मात्र मी आदल्या दिवशीच मनात घोळवून आलो होतो. लोक हसणार हे मला ठाऊक होतं आणि हसले तेव्हा मला मजा वाटली. माणसाला एकट्यात सांगायची गोष्ट मी चारचौघांत सांगितली. तेही बाबांच्या मुलाला, ज्याला मी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलंय. त्याचं मला वाईट वाटतं. रोज वाटतं. इथे दुसरं काही काम नसल्यामुळे जरा जास्तच वाटतं.

पण माल अजून जातोय. खिडकीतून गाडी भरताना दिसते. दप्तरं शिवणारे सगळे तोच रनर नेताहेत. शाळा सुटल्यावर भर रस्त्यात पोरांच्या वह्या सांडल्या की शिव्या चेनला बसणार, आणि चेनवर तुझ्या वडिलांचं नाव आहे. माझं काय करायचं ते निवांत ठरव. आधी माल थांबव. तुला रात्रभर विचार करायची सवय लागली आहे म्हणतात. याला तेवढा वेळ नाही.

आशीर्वाद आहेतच. ते कुठल्या विभागाला जोडलेले नाहीत.

तुझे,
घरचे भाऊजी


ता. १४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. हे पत्र मावशीला वाचून दाखवू नकोस. आधी एकटीने वाच.

ताई, तू ज्याबद्दल माझी पाठ थोपटलीस ती बढती नव्हती. भाऊजींनी चारचौघांत मला खरं सांगितलं, मी ‘ऐकलं’ म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं काम काढून घेऊन त्यांना वरच्या खोलीत नेऊन बसवलं. त्यांनी तुझ्यासाठी त्यावर गोड पांघरूण घातलं. तुझं पत्र वाचलं त्या दिवसापासून मन मला नुसतं खातंय. ज्या माणसाने बाबा गेल्यावर मला हाताला धरून कारखान्यात फिरवलं, कोणतं यंत्र कसा आवाज करतं ते ओळखायला लावलं, त्याला मी असं वागवलं. तुला काय वाटेल ते बोल, मी खाली मान घालून वाचेन.

माल थांबवला आहे. थोडा उशीरच झाला. भाऊजींची चिठ्ठी आल्यावरही मी दोन दिवस स्वतः रनर ओढून बघत बसलो, त्यांचं चुकलेलं निघावं म्हणून. निघालं नाही.

आता मी ठरवलंय. येत्या सोमवारी उलट्या बैठकीत सगळ्यांसमोर भाऊजींची माफी मागायची आणि त्यांना पुन्हा तपासणी विभागात मानाने नेऊन बसवायचं. कोचनाही हे फार आवडलं. आणि दुसरं असं की उद्योजक मंडळाने मला पुढच्या महिन्यात भाषणाला बोलावलंय. विषय आहे, मालकाने शिकत कसं राहावं. तिथे हाच प्रसंग सांगणार आहे, भाऊजींचं नाव न घेता. दोन वर्षं पुस्तकं वाचून जे कळलं नाही ते या एका चुकीने मला शिकवलं. खूप वाढलो मी यातून, ताई. निदान एवढं तरी चांगलं निघालं, असं म्हणून मन शांत करायचा प्रयत्न करतोय.

रागाव, पण लिही. तुझं पत्र येत नाही तोवर जीव टांगणीला आहे.

तुझ्या मायेला पात्र नसलेला, तरी तुझाच,
ढब्बू


ता. १८ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

पत्र वाचलं आणि आधी मी रडले. तुझ्यासाठी नाही. यांच्यासाठी. त्या खिडकीचं वर्णन यांनी किती हौसेने लिहिलं होतं! समोर झाड आहे, त्यावर पक्षी येतात. माझ्या नवऱ्याने आजवर मला कधी पक्ष्यांबद्दल लिहिलेलं नाही. तेव्हाच समजायला हवं होतं. पण मला समजून घ्यायचंच नव्हतं. भाऊ मोठा झाला, नवऱ्याला मान मिळाला, एका दगडात माझे दोन्ही हट्ट पुरे झाले, मग मी कशाला खोलात शिरते? आणि त्यांना बोल बोल म्हणून पुढे ढकलणारी कोण? मीच. वर त्यांच्या थोबाडीत बसली तेव्हा मारणाऱ्याचे आभार मानायला पत्र लिहिलं. पाकिटावर तिकीटही मीच चिकटवलं. सांग, मी कुठे तोंड लपवू?

आता तुझ्याबद्दल. तू चुकलास ते एक वेळ समजते. चिडलास, डाव साधलास, माणूस आहेस. पण पत्राच्या शेवटी जे लिहिलंस त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू वाढलास? अरे, या सगळ्यात त्यांचं काम गेलं, झोप गेली, बायकोशी खोटं बोलायची वेळ आली, आणि तुला काय मिळालं तर भाषण! माझ्या नवऱ्याचा धडा करू नकोस. नाव न घेता तर मुळीच करू नकोस. त्यांना तू आधी खोलीत बसवलंस, आता गोष्टीत बसवणार आहेस.

आणि सोमवारची ती माफी. पुन्हा कॅन्टीन, पुन्हा स्टूल, पुन्हा सगळे बघताहेत. त्यांना काय हवंय ते विचारलंस? नाही. त्यांना मानाने कुठे बसवायचं तेही तूच ठरवलंस. कोचना आवडलं म्हणे. त्या कोचना म्हणावं, माझ्या घरी या एकदा, मीही थोडं शिकवते.

जिना चढ. हात हलवत जा, काही ठरवून जाऊ नकोस. ते म्हणतील ते कर. ते काहीच म्हणाले नाहीत तर तसाच बसून राहा.

मावशीने पत्र कोणाचं म्हणून विचारलं. वीज कंपनीचं म्हणून सांगितलं. आपल्या घरात खोटं बोलायची साथच आलीय.

रागावले आहे, पण टाकलं नाही तुला. एवढं धरून राहा.

तुझी,
ताई


ता. २५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. जे झालं तेवढंच लिहितो.

सोमवारची बैठक घेतली नाही. मंडळाला भाषणाला येत नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं, तर सांगितलं की या विषयावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. त्यांना तो विनय वाटला. दोनदा समजावलं, मग नाद सोडला.

नंतर जिना चढलो. भाऊजी पुस्तकांची वेष्टणं काढत बसले होते. मी तिथल्या दुसऱ्या खुर्चीवर बसलो आणि त्यांनी माझ्यासमोर एक गठ्ठा सरकवला. बराच वेळ आम्ही दोघं प्लास्टिक फाडत होतो. मग मी म्हणालो की माझं चुकलं आणि तुम्ही म्हणाल तसं करू. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. वजन उतरलंय, पहाटेचं पळणं कमी कर म्हणाले. मी विचारलं की खाली परत याल का. ते शांतपणे नाही म्हणाले. आता त्या यंत्रांपाशी उभं राहिलं की रनर बघण्याऐवजी साहेबांना काय वाटेल तेच डोक्यात येईल, आणि तसं मन घेऊन तपासणी होत नाही, असं म्हणाले. मी खूप आर्जवं केली. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले की मला जाऊ दे. ते उद्या तुझ्याकडे यायला निघताहेत. कामाचा राजीनामा माझ्या टेबलावर आहे. स्टेशनवर सोडायला येतो म्हटलं तर तेही नको म्हणाले.

ताई, आणखी एक गोष्ट. गेलेला माल परत आणायला मी दप्तरवाल्यांकडे स्वतः फिरतोय. एकाने दुकानात उभंही केलं नाही. बरोबर आहे त्याचं. पण माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट कारखान्यातलीच आहे. भाऊजींच्या जागी त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलगी आली आहे. काल मी तिला विचारलं की जुना रनर परत लावलाय तो ठीक चालतोय का. तिने आधी मागे वळून पाहिलं. मग दार लोटलं. मग हळू आवाजात सांगितलं की एका साच्यात अजून खोट आहे, पण हे तिने सांगितलं असं कोणाला कळू देऊ नका. इतकी हुशार मुलगी, पण घाबरली होती. मला घाबरली होती. दोन वर्षं मी शिकतोय शिकतोय म्हणत होतो. शिकले ते सगळे. बोललं की काय होतं ते मी एका सकाळीत साऱ्या कारखान्याला शिकवलं, आणि ते त्यांच्या डोक्यातून काढायचं कसं हे कुठल्याच पुस्तकात मला सापडत नाहीये.

साचा लगेच बदलला. तिचं नाव कोणाला सांगितलं नाही. एवढंच करता आलं.

भाऊजींना गाडीत खिडकीची जागा मिळेल असं बघितलंय. मला तिथे येऊन तुम्हा दोघांच्या पाया पडायचंय. कधी येऊ ते तू सांग.

तुझा,
ढब्बू


ता. ३० नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

अ. उ. आ. या वेळी मनापासून.

हे सुखरूप पोचले. आल्या आल्या मावशीच्या पलंगाचा कुरकुरणारा पाय नीट केला, मग माझ्याकडे न बघता अंघोळीला गेले. मी यांची क्षमा मागितली. मीच तुम्हाला पुढे ढकललं, असं मी म्हटलं. त्यावर यांनी मलाच विचारलं की मावशीच्या औषधांच्या वेळा काय आहेत. मग ओट्यापाशी उभं राहून आम्ही मावशीचं दूध तापवलं. हुंदका मलाच आला. यांनी गॅस बंद केला तेवढंच.

तू कधी येऊ म्हणून विचारलंस. मी यांना विचारलं. मला वाटलं होतं, चिडतील, नको म्हणतील, आठ दिवस धुसफुसतील आणि मग तूच जाऊन घेऊन ये म्हणतील. आजवर तुम्हा दोघांचं असंच मिटत आलंय. ते नुसतं म्हणाले की त्याला जमेल तेव्हा येऊ दे, त्याच्यामागे कामं फार असतात. अगदी साधेपणाने म्हणाले. मावशी तुझ्याबद्दल काही वाकडं बोलली तर तिला गप्पही केलं. ढब्बू, ते रागावलेले नाहीत रे. रागावले असते तर मी तुला आज रात्रीच्या गाडीने बोलावलं असतं. मी ताटात वाढून ठेवलं असतं आणि तुम्हाला समोरासमोर बसवलं असतं. रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. यांनी तुझ्याकडून काही अपेक्षाच ठेवलेली नाही.

तरी ये. लवकर ये. येताना काही ठरवून येऊ नकोस, काही शिकायला तर मुळीच येऊ नकोस. यांच्या शेजारी बस. एकदा येऊन भागणार नाही, पुन्हा पुन्हा यावं लागेल. कदाचित कधीतरी हे तुझ्यावर ओरडतील. त्या दिवशी मी तुला खरी शाबासकी देईन.

वाट बघणारी,
ताई